जुनं बोटीचं इंजिन घरी दुरुस्त करताना : एका ‘सीगल’मधून शिकायचं विज्ञान



मालवण किंवा देवगडच्या किनाऱ्यावर गेलात, तर छोट्या फायबरच्या होड्यांच्या मागच्या फळीवर एक इंजिन टांगलेलं दिसतं. वर इंजिनाचं डोकं, मध्ये लांब नळी आणि खाली पाण्यात बुडालेला पंखा. यालाच ‘आऊटबोर्ड मोटर’ म्हणतात. इंजिन होडीच्या पोटात नसून बाहेर लटकतं, म्हणून हे नाव. बिघाड झाला तर ते उचलून घरी आणता येतं.

आज आपण असंच एक जुनं इंजिन घरच्या घरी पुन्हा चालू कसं करतात, ते पाहणार आहोत. उदाहरण म्हणून घेऊया इंग्लंडमध्ये बनलेलं ‘ब्रिटिश सीगल’. सीगल म्हणजे आपला कुरव पक्षी. हे उदाहरण निवडण्याचं कारण साधं आहे. याच्यात झाकपाक फार नाही, भाग थोडे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भागात तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा लपलेला आहे.

थोडा इतिहास

आऊटबोर्ड मोटर लोकांपर्यंत पोहोचवण्यात ओले एव्हिनरूड याचं नाव मोठं आहे. १८७७ साली नॉर्वेमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकी शहरात आपली मोटर विकायला सुरुवात केली. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. १९११ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. त्याच्या आधीही काहींनी अशा मोटरी बनवल्या होत्या, पण धंदा म्हणून ती खरी रुजली ती एव्हिनरूडमुळे.

सीगलची गोष्ट १९३१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन इथे सुरू झाली. तिथे ती ‘मार्स्टन सीगल’ या नावाने बनायची. नंतर जॉन वे-होप आणि बिल पिनिगर या दोघांनी तो व्यवसाय आपल्याकडे घेतला आणि डॉर्सेट परगण्यातल्या पूल या बंदरगावी आणला. (नदीवरचा पूल नव्हे हं, गावाचं नावच पूल!) दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारासाठी या मोटरी मोठ्या संख्येने बनल्या. युद्धानंतर मासेमार, नावाडी, सुट्टीत होडी चालवणारी साधी माणसं अशा सगळ्यांच्या हाती त्या गेल्या. १९९० च्या दशकात उत्पादन थांबलं. तरीही आज जगभर लोक गॅरेजमध्ये, अंगणात बसून या मोटरी दुरुस्त करताना दिसतात.

त्यांच्या दोन जाती जास्त आढळतात. ‘फॉर्टी’ ही ६४ सी.सी.ची आणि ‘सेंच्युरी’ ही १०२ सी.सी.ची. आपल्या ओळखीच्या स्कूटरचं इंजिन १०० ते १२५ सी.सी.चं असतं. त्यावरून आकाराचा अंदाज येईल.

आधी समजून घ्या : टू-स्ट्रोक म्हणजे काय?

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला झडपा असतात. इथे झडपा नाहीतच. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो.

पिस्टन वर जातो तेव्हा दोन कामं एकदम होतात. वरच्या बाजूला मिश्रण दाबलं जातं आणि पिस्टनच्या खाली, क्रँकच्या बंद पेटीत, नवीन मिश्रण ओढलं जातं. ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना आधी धुराचं भोक उघडतं, मग आत जाण्याचं भोक उघडतं आणि खालच्या पेटीत दाबलेलं ताजं मिश्रण वर चढतं. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी.

आता गणित करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला ३००० ÷ ६० = ५० ठिणग्या. आपल्या घरातली वीजही सेकंदाला ५० आवर्तनं करते!

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. खालची पेटी हवाबंद असायलाच हवी. ती गळकी असेल तर मिश्रण नीट ओढलं जाणार नाही आणि ठिणगी कितीही चांगली असली तरी इंजिन चालणार नाही. पुढे तेलाचं प्रमाण बोलताना हा मुद्दा परत येईल.

पहिली पायरी : हात लावण्याआधी बघा

जुनी वस्तू मिळाली की पहिला मोह होतो तो घासून चकचकीत करण्याचा. तो आवरा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठे जाते, कुठला वॉशर कुठल्या बोल्टखाली आहे, ते वहीत लिहा. सीगलच्या क्रँकच्या पेटीवर क्रमांक ठोकलेला असतो. त्यातली सुरुवातीची अक्षरं मॉडेल सांगतात. पॉलिश पेपरने हा क्रमांक पुसला गेला तर इंजिनाची ओळखच गेली.

झीज हीसुद्धा माहिती असते. एखादा बोल्ट चमकत असेल तर कुणीतरी तो वारंवार उघडलाय. पंख्याची पाती एका बाजूने तुटलेली असतील तर ते खडकावर आपटलंय, म्हणजे आतला दांडा वाकला असण्याची शक्यता आहे. डॉक्टर आधी पेशंटला विचारतो, मग तपासतो. इंजिन बोलत नाही, म्हणून डोळ्यांनी विचारायचं.

दुसरी पायरी : अडकलेलं सोडवणं

फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर पिस्टन गंजाने सिलिंडरला चिकटलाय. दोरी ओढून जोर लावू नका. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून थोडं पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग फ्लायव्हील अगदी थोडं पुढे, थोडं मागे हलवा. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या, ठिसूळ असतात. धसमुसळेपणा केला की तुटतात आणि जुन्या इंजिनाची रिंग गल्लीतल्या दुकानात मिळत नाही.

बोल्ट अडकला असेल तर इथे प्रसरणाचा धडा कामी येतो. ॲल्युमिनियम तापवलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून ॲल्युमिनियममध्ये रुतलेला पोलादी बोल्ट सोडवताना भोवतालचा भाग गरम करतात. भोक बोल्टपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. गरम करणं, थंड होऊ देणं, तेल सोडणं असं दोन-चार वेळा केलं तर बोल्ट बहुतेक वेळा निमूट बाहेर येतो. जबरदस्ती केली तर बोल्टचं डोकं तुटतं आणि अर्ध्या तासाचं काम आठवडाभराचं होतं.

मात्र हे करण्याआधी पेट्रोलची टाकी, नळी, कार्ब्युरेटर काढून दूर ठेवलेच पाहिजेत. आणि हे काम मोठ्या माणसाने करायचं, मुलांनी बघायचं.

तिसरी पायरी : ठिणगी

या इंजिनाला बॅटरी नाही. मग ठिणगी येते कुठून? उत्तर आहे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. फ्लायव्हीलच्या आत चुंबक बसवलेले असतात आणि मध्ये एक स्थिर कॉइल असते. फ्लायव्हील फिरलं की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत विद्युतधारा तयार होते. याला मॅग्नेटो म्हणतात.

पण ही धारा ठिणगी पाडण्याइतकी जोरदार नसते. म्हणून कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतली धारा एका छोट्या स्विचमधून जाते. त्याला मेकॅनिक ‘पॉइंट’ म्हणतात. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, धारा एकदम तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. तीच प्लगमधली ठिणगी.

जुन्या इंजिनात ठिणगी गेलेली असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. पॉइंटच्या टोकांवर बुरशीसारखा थर आलेला असतो. बारीक कानस किंवा पॉलिश पेपर फिरवायचा, मग स्वच्छ कागदाची पट्टी ओढून धूळ काढायची. सीगलमध्ये पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातलं अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. हे अंतर फीलर गेज नावाच्या पातळ पट्ट्यांनी मोजतात. प्लगच्या टोकांमधलं अंतरही तेवढंच.

पॉइंटच्या जोडीला एक कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ऊर्जा वाया जाऊ नये, म्हणून तो धारा क्षणभर स्वतःत सामावून घेतो. कंडेन्सर बिघडला की पॉइंटवर निळसर ठिणग्या उडतात, ते लवकर जळतात आणि प्लगची ठिणगी पिवळी, अशक्त होते.

ठिणगी तपासताना प्लग बाहेर काढून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची आणि फ्लायव्हील फिरवायचं. आसपास पेट्रोल, पेट्रोलची चिंधी, उघडी टाकी काहीही नको. हजारो व्होल्टची ठिणगी आपण मुद्दाम पाडतोय, हे विसरू नका.

चौथी पायरी : पेट्रोलचा रस्ता

वर्षानुवर्षं पडलेल्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, वार्निशासारखा थर उरतो. तो कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये बसतो.

जेट साफ करायला पटकन तार घालावीशी वाटते. घालू नका. समजा तारेने जेटचा व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. १.१ × १.१ = १.२१. म्हणजे भोक २१ टक्क्यांनी मोठं झालं आणि तेवढं जास्त पेट्रोल जायला लागलं! म्हणून जेट द्रावणात भिजवून हवेच्या झोताने साफ करतात. फार तर नायलॉनचा एखादा केस वापरतात.

जुन्या सीगलची टाकी पितळेची असते. ती गळत असेल तर डाग द्यावा लागतो. इथे सगळ्यात मोठा धोका आहे. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा ही वाफ-हवेचं मिश्रण असलेली टाकी जास्त घातक असते. घरी कधीही अशा टाकीला आच लावू नये. हे काम माहीतगार कारागिराकडेच द्यावं.

अजून एक आजचा प्रश्न. जुन्या इंजिनांच्या तोट्यांमध्ये बुचाचं पॅकिंग असतं, काही ठिकाणी जुनं रबर असतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं, आणि आपल्याकडे ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलंय. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून नवी नळी इथेनॉल चालणारीच घ्यायची आणि काम झालं की टाकी रिकामी करून ठेवायची.

पाचवी पायरी : तेलाचं प्रमाण, इथेच इंजिनं मरतात

टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. आजच्या बऱ्याच इंजिनांना ५०:१ चालतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. जुन्या सीगलला मात्र १०:१ लागायचं, म्हणजे १ लिटरला तब्बल १०० मिलिलिटर! नंतरच्या कार्ब्युरेटरच्या मॉडेलांना २५:१ ठरलं, म्हणजे ४० मिलिलिटर.

एवढं तेल कशाला? कारण जुन्या सीगलमध्ये क्रँकचा दांडा गोळ्यांच्या बेअरिंगवर नाही, साध्या धातूच्या बुशात फिरतो. दांडा आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा लागतो. तोच पडदा क्रँकच्या पेटीतून हवा बाहेर निसटू देत नाही. मघाशी आपण म्हटलं ना, पेटी हवाबंद हवी? ती तेलानेच हवाबंद राहते. एखाद्याने ‘आता तेल सुधारलंय, ५०:१ टाकूया’ असं म्हणून चालवलं, तर बुश घासतात, पेटी गळकी होते आणि पन्नास वर्षं टिकलेलं इंजिन एका मोसमात निकामी होतं.

यात आणखी एक खोच आहे. तेल कमी केलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. त्यामुळे तेल २५:१ वर आणायचं असेल तर कार्ब्युरेटरची सुईही त्याप्रमाणे बदलावी लागते. एका गोष्टीला हात लावला की दुसरी हलते. यंत्र म्हणजे नात्यागोत्यांचं कुटुंबच.

सहावी पायरी : पाणी आणि खालची पेटी

इंजिन थंड ठेवायला खालचा छोटा पंप पाणी वर ढकलतो. ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीत फिरून बाहेर पडतं. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनात या पोकळीत क्षार, वाळू आणि गंज यांचा दगडासारखा थर बसतो. सिलिंडरचं डोकं उघडून तो खरवडावा लागतो. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात क्षार सुटतात, पण ॲल्युमिनियमचे भाग त्यात फार वेळ ठेवू नयेत. जुनं पॅकिंग काढताना ते ओलं करून काढा. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

खालच्या गिअरच्या पेटीत एसएई १४० हे घट्ट तेल घालतात. आजच्या आऊटबोर्डचं गिअर तेल दुधाळ निघालं तर सील फाटलंय असं समजतात. सीगलमध्ये मात्र थोडं पाणी आत येणार हे धरूनच रचना केली होती. त्यामुळे दुधाळ तेल दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, बदलायचं आणि पुढे जायचं. एकाच्या बाबतीत जो रोग, तो दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव! म्हणून प्रत्येक यंत्राला त्याच्याच नियमाने तपासायचं.

सातवी पायरी : पिंपात चाचणी

घरी चाचणी घ्यायला मोठं पिंप पाण्याने भरतात आणि मजबूत फळीला इंजिन टांगतात. पंपाच्या वरपर्यंत पाणी हवं. कोरडं चालवलं तर काही वेळात इंजिन तापून पिस्टन धरतो.

काही सीगलना क्लच नाही. इंजिन सुरू झालं की पंखा लगेच फिरतो. म्हणून पिंपात चाचणी करताना पंखा काढून ठेवावा. दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून वेढे देतात आणि ओढतात. दोरी कधीही हाताभोवती गुंडाळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटं सापडतात. ओढल्यावर दोरीचं टोक सुटून मागे जातं, म्हणून मागे कुणी उभं राहू नये. आणि हे सगळं उघड्यावरच करायचं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

सुरू झालं नाही तर? तीनच प्रश्न विचारा. ठिणगी आहे का? पेट्रोल पोहोचतंय का? दाब तयार होतोय का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत बघा. प्लग, पॉइंट, जेट सगळं एकदम बदललं आणि इंजिन सुरू झालं, तर आनंद होईल, पण बिघाड कुठे होता ते कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण एक चल बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो, तेच इथे करायचं.

चालवावं की ठेवावं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टू-स्ट्रोकमध्ये धुराचं भोक आणि आत येणारं भोक काही काळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर जातं. शिवाय १०:१ च्या इंजिनाचा धूर पाण्यातच सोडला जातो आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो. ज्या खाडीत मासे अंडी घालतात, जिथे कालवं वाढतात, तिथे रोज असं इंजिन चालवणं योग्य नाही. रोजच्या कामाला आजची स्वच्छ फोर-स्ट्रोक इंजिनंच बरी.

मग जुन्यासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण आजच्या इंजिनात ठिणगीची वेळ एक बंद डबी ठरवते. ती बिघडली की डबी बदलायची. आत काय चाललंय ते दिसत नाही. सीगलमध्ये पॉइंट उघडताना डोळ्यांनी दिसतात, जेटचं भोक उजेडात धरून पाहता येतं, तेलाचा पडदा बोटांना जाणवतो. फॅरेडेचा नियम पाठ केलेला मुलगा आणि तो नियम हातात ठिणगी होऊन आलेला मुलगा, यांत फार फरक असतो. वर्षातून एखाद्या दिवशी पिंपात पाच मिनिटं चालणारं जुनं इंजिन हे काम उत्तम करतं.

तुमच्या घरी सीगल नसेल, पण अडगळीत शिलाई मशीन, सायकलचा डायनॅमो, आजोबांचा रॉकेलचा स्टोव्ह नक्की असेल. घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन तो उघडा. आधी फोटो, मग वही, मग पाना.

विचार करा आणि सांगा

१. इंजिन मिनिटाला ४२०० फेरे फिरत असेल तर टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला किती ठिणग्या पडतील? फोर-स्ट्रोकमध्ये कामाच्या दृष्टीने किती ठिणग्या लागतील?

२. २५:१ प्रमाणासाठी ३ लिटर पेट्रोलमध्ये किती तेल घालाल?

३. जेटचा व्यास २० टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल?

४. सायकलच्या डायनॅमोत आणि मॅग्नेटोत साम्य काय, फरक काय? स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं लिहा.